कपभर कॉफी, ओटाभर मशीन

घरी कॉफी मशीन घ्यायचा विचार चाललाय? मग आधी उठा, स्वयंपाकघरात जा आणि ओट्याजवळ मोठे पॉइंट किती आहेत ते मोजा. हो, तेच ते, जाड पिनांचे, १६ अँपिअरचे! अंधेरीतल्या भाड्याच्या वन बीएचकेमध्ये असा पॉइंट बहुतेक वेळा एकच असतो आणि तो मायक्रोवेव्हने आधीच बळकावलेला असतो. उरला छोटा, ६ अँपिअरचा. आपल्या २३० व्होल्टवर तो जेमतेम १,३८० वॅट पेलतो आणि घरगुती एस्प्रेसो मशीन तेराशे-चौदाशे वॅट सहज खातं. त्याच एक्स्टेंशनवर रूममेटने चटणीसाठी मिक्सर लावला की खेळ खल्लास. रंग, ब्रँड, इटालियन नाव वगैरे सगळं त्यानंतर.

आता दुसरा प्रश्न, जरा खाजगी. तुम्ही नक्की कुठली कॉफी पिता? मीटिंगमध्ये सांगता ती नव्हे, रविवारी सकाळी पायजम्यात पिता ती.

प्रश्न गमतीचा वाटेल, पण सगळी मेख इथेच आहे. मराठी घरात कॉफी म्हणजे दूध, साखर आणि वर किसलेलं जायफळ. ‘एस्प्रेसो’ हा शब्द आपण पहिल्यांदा ऐकला तो लग्नाच्या रिसेप्शनला. ते चकचकीत, फुसफुसणारं धूड, फेटलेली इन्स्टंट कॉफी, त्यावर वाफेने फसफसवलेलं दूध आणि चॉकलेट पावडरीची चिमूट. ती एस्प्रेसो नव्हती, पण झकास लागायची हे मान्य करायलाच हवं! मग १९९६मध्ये बंगळुरूच्या ब्रिगेड रोडवर पहिलं कॅफे कॉफी डे उघडलं, २०००मध्ये बरिस्ता आलं आणि ‘लेट्स मीट फॉर कॉफी’ हा अंधेरीतल्या तरुणाईचा परवलीचा मंत्र झाला. २०१२मध्ये हॉर्निमन सर्कलला स्टारबक्सचं देशातलं पहिलं दुकान उघडलं. २०२०च्या लॉकडाऊनमध्ये तर सगळ्यांनी घरात कॉफी फेटफेट फेटली आणि तिला ‘डालगोना’ म्हटलं. आई मात्र म्हणाली, यात नवीन काय?

तर मुद्दा असा. तुम्हाला मोठा मग भरून दुधाळ, गोड, गरम कॉफी आवडत असेल, तर वीस-पंचवीस हजारांच्या मशीनमधून निघणारा तीस-चाळीस मिलिलीटरचा अर्क त्या दुधात कुठल्या कुठे हरवून जाणार. मशीन त्याच्यासाठी, ज्याला त्या छोट्या कपातली कॉफी हवी आहे किंवा मोजक्या दुधातली कॅपुचिनो.

असे तुम्ही असाल तर पुढे वाचा. शोरूममध्ये गेलात की खोक्यावर मोठ्ठ्या अक्षरात दिसेल, ‘१५ बार’. शेजारच्या मशीनवर ‘२० बार’. सेल्समन सांगेल, जितके बार जास्त तितकी कॉफी भारी. हा निव्वळ फंडा आहे! एस्प्रेसोला कॉफीच्या चकतीवर दाब लागतो साधारण ९ बार. खोक्यावरचा आकडा हा पंपाची जास्तीत जास्त ताकद. तुमची गाडी ताशी १८० जाते म्हणून जे. पी. रोडवर ती १८०ने पळते का?

त्यापेक्षा विचारा, बास्केट कुठली? म्हणजे पावडर भरायची ती जाळीची वाटी. स्वस्त मशीनमध्ये दुहेरी तळाची वाटी येते. खालच्या तळाला एकच बारीक भोक, त्यामुळे दाब आपोआप तयार होतो आणि पावडर कशीही असली तरी वर फेस येतो. दिसायला मस्त, चवीला ठीकठाक. एकेरी तळाच्या वाटीत मात्र दाब तयार करायचं काम पावडरीचं. ती जाडी पडली तर पाणी सर्रकन निघून जातं आणि कॉफी आंबट, पाणचट होते. फारच बारीक असेल तर थेंब थेंब गळते आणि कडू ढोण! साधारण हिशोब असा की १८ ग्रॅम पावडरीतून २५ ते ३० सेकंदांत ३६ ग्रॅमच्या आसपास कॉफी उतरली पाहिजे. एवढा नेमका बारीकपणा दुकानातून दळून आणलेल्या पावडरीत योगायोगानेच सापडतो.

म्हणून आमचं स्पष्ट मत, बजेट ठरवताना ग्राइंडर आधी, मशीन नंतर. पंचवीस हजार खर्चायचे असतील तर त्यातला तिसरा हिस्सा तरी ग्राइंडरला द्या. आणि ग्राइंडर म्हणजे पात्यांचा नव्हे, तो आपल्या मिक्सरचाच भाऊ, अर्धं पीठ करतो आणि अर्धा रवा. दोन चक्त्यांमध्ये बी भरडणारा ‘बर’ ग्राइंडर हवा. हाताने फिरवायचा चांगला मिळाला तरी चालेल. जिमचे तेवढे पैसे वाचतील.

बिया कुठल्या? पाकिटावर भाजल्याची तारीख असेल त्या. भाजल्यानंतरचे पहिले काही आठवडे त्या बहरात असतात, म्हणून एका वेळी पाव किलोच आणा. पावसाळ्यात तर विशेष जपा. मलबारात कच्च्या बियांना मुद्दाम मान्सूनची हवा खाऊ घालतात आणि ‘मॉन्सून्ड मलबार’ म्हणून ती कॉफी जगभर विकतात. पण भाजलेल्या बियांना वर्सोव्याची जुलैतली हवा लागली की त्यांचा पार गोळीबार भुगा! घट्ट झाकणाचा डबा, बस्स. आणि इन्स्टंट किंवा चिकोरी मिसळलेली पावडर मशीनमध्ये चुकूनही घालू नका, चिकट होऊन पाणी अडतं.

पाण्याच्या बाबतीत मात्र मुंबईकर नशीबवान. भातसा, तानसा, वैतरणा वगैरे तलावांतलं पावसाचं पाणी आपल्या नळाला येतं. त्यात क्षार कमी, त्यामुळे मशीनच्या आत थर बसायला वेळ लागतो. सोसायटीत टँकर किंवा बोअरवेलचं पाणी मिसळत असेल तर ही सगळी मिजास विसरा आणि दर दोन-तीन महिन्यांनी मशीनची आतून सफाई करा.

आता खिशाचं बघू. पाव किलो चांगल्या बिया साडेपाचशेला धरल्या तर १८ ग्रॅमचे होतात चाळीस रुपये. दूध दहाचं. म्हणजे कॅफेत अडीचशेला मिळणारी कॅपुचिनो घरी पन्नासात! वीस हजारांचं मशीन शंभर कपांत वसूल, असं गणित एक्सेलमध्ये झकास दिसतं. फक्त त्यात एक गृहीत धरलेलं असतं, की मशीन आल्यावर तुम्ही कॅफेत जाणं बंद कराल. कराल? कॅफेत आपण जातो ते एसीसाठी, वायफायसाठी आणि ‘तिच्या’साठी. मशीन यातलं काहीच देत नाही. ऑफिसात फुकट कॉफी मिळत असेल तर घरचे कप मोजा, फक्त घरचे. दिवसाला दोन होत असतील तर बिनधास्त घ्या. शनिवार-रविवारचाच मामला असेल तर ते शंभर कप वर्षभर संपायचे नाहीत.

कॅप्सूलवाल्या मशीनबद्दल थोडक्यात. सोपं, स्वच्छ, मिनिटात कॉफी. सकाळी साकीनाक्याची मेट्रो गाठायची असेल तर याच्यासारखा मित्र नाही. पण स्वस्तातली कॅप्सूलही कटिंगच्या दोन-तीन पट महाग आणि एका कंपनीची दुसरीच्या मशीनमध्ये बसेलच असं नाही. प्रिंटर स्वस्त, शाई महाग, तोच प्रकार.

आणि दुधाळ कॉफीवाल्यांनी तोंड पाडून बसायचं कारण नाही. तुमच्यासाठी दोन वस्तू आहेत आणि दोन्हींना प्लग लागत नाही. एक, मोका पॉट. १९३३मध्ये अल्फोन्सो बियालेत्ती या इटालियनाने बाजारात आणलेलं हे अष्टकोनी भांडं. दाब दीड-दोन बारच, पण कॉफी कडक निघते आणि दुधाला पुरून उरते. ॲल्युमिनियमचा पॉट इंडक्शनवर तापत नाही, त्यासाठी स्टीलचा घ्या. गॅसवर लहान पॉट लडबडतो, खाली छोटी जाळी ठेवा. दोन, साधा साउथ इंडियन फिल्टर. काहीशे रुपयांत येतो. रात्री झोपताना पावडर भरून वर उकळतं पाणी ओतून ठेवा, सकाळी डिकॉक्शन तयार. पावडरीसाठी एकदा माटुंग्याला म्हैसूर कन्सर्न्समध्ये जा, चिकोरी किती टक्के ते सांगा आणि समोर दळून घ्या. पिशवीला येणाऱ्या वासाने परतीच्या लोकलमध्ये निम्मा डबा वळून बघतो. यात जायफळही खपतं, कुणी नावं ठेवत नाही.

तरीही मशीनच हवंय? हरकत नाही! भाड्याने राहत असाल तर अकरा महिन्यांचं ॲग्रीमेंट संपल्यावर हे धूड चार बंगल्याहून मरोळला कोण नेणार ते आधी ठरवा. अमेरिकेतल्या मावसभावाला आणायला सांगू नका, तिकडचं मशीन ११० ते १२० व्होल्टचं, इथे जोडलंत की धूर. आणि दुकानात पैसे भरण्याआधी एकच विचारा. मशीनच्या तोंडाशी एक रबरी गॅस्केट असतं, ते झिजतं आणि बदलावं लागतं. ते मुंबईत मिळतं का, केवढ्याला, किती दिवसांत? उत्तर देताना सेल्समन मोबाइल काढून शोधायला लागला, तर तुम्ही सरळ शेजारच्या काउंटरवर मिक्सर बघायला लागा.