अंगठा उमटत नाही, तेव्हा

(‘बारीकसारीक ताप’ या रेडिओमालिकेतील भाषण)

हातातलं काम चालू असू द्या, भाकरी थापता थापता ऐकलं तरी चालेल. नाहीतरी आज हातांबद्दलच बोलायचं आहे.

मागच्या महिन्यात मी आत्याबरोबर रेशनच्या दुकानात गेले होते. आत्याचं वय सत्तरीच्या पुढे. रांगेत तासभर उभी राहून तिचा नंबर आला. दुकानदारानं मशीन पुढं केलं, तिनं अंगठा ठेवला. टूंऽ असा आवाज आला, नाही जुळला. पदराला पुसून पुन्हा ठेवला, नाही. डावा ठेवला, तोही नाही. मागून कोणीतरी म्हणालं, “आजी, जरा बाजूला व्हा, आमचं होऊ द्या.” दुकानदार म्हणाला, “मावशी, उद्या या.” आत्या रिकामी पिशवी घडी करत बाहेर आली आणि मला म्हणाली, “माझीच बोटं मेली गं. आता सरकारला मी खरी वाटत नाही.”

तसं पाहिलं तर ताप लहानच, एक चक्कर वाया गेली इतकंच. पण तिचं ते वाक्य माझ्या मनातून जाईना. म्हणून आज आपण दोन गोष्टी समजून घेऊ. अंगठा का उमटत नाही, आणि उमटला नाही तर आपण काय करायचं.

आधी एक गंमत सांगते. बोटांच्या ठशांनी माणूस ओळखायची सरकारी पद्धत आपल्याच देशात रुजली. १८५८ साली बंगालमध्ये विल्यम हर्शेल नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं एका कंत्राटदाराच्या करारावर त्याच्या पंजाचा ठसा घेतला. पुढं १८९७ साली कोलकात्यात बोटांच्या ठशांचं कार्यालय सुरू झालं. जगातलं ते पहिलं मानलं जातं. ठशांची वर्गवारी करण्याचं मोठं काम अझिझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन भारतीयांनी केलं. नाव मात्र त्यांच्या इंग्रज साहेबाचं झालं.

आपल्याकडे ‘अंगठाबहाद्दर’ ही शिवी होती. आपल्या आया-आज्या प्रौढ शिक्षणाच्या वर्गाला गेल्या, रात्री कंदिलाच्या उजेडात नाव गिरवायला शिकल्या, ते अंगठ्यातून सुटायला. आता सही येणाऱ्या बाईलाही सगळीकडे म्हणतात, “अंगठा द्या.”

तर हा अंगठा म्हणजे काय असतो? बोटाच्या पेरावर बारीक उंचवटे असतात आणि मधे चर असतात, नांगरलेल्या रानात सऱ्या-वरंबे असतात तसे. आईच्या पोटात असतानाच ही नक्षी तयार होते. ती कातडीच्या आतल्या थरात असते, म्हणून वरची कातडी झिजली, सोलली तरी खालून पुन्हा तीच नक्षी वर येते. हे लक्षात ठेवा. आत्याची बोटं मेलेली नाहीत. वरचा थर झिजलाय, एवढंच.

मशीनच्या काचेवर बोट ठेवलं की आतून प्रकाश पडतो. उंचवटे काचेला टेकतात, चर टेकत नाहीत, त्यातून चित्र तयार होतं. त्या चित्रात रेष कुठं संपते आणि कुठं तिला फाटा फुटतो, या खुणा मशीन टिपतं. त्या खुणा इंटरनेटवरून आधारच्या यंत्रणेकडं जातात आणि आधार काढताना दिलेल्या ठशाशी ताडून पाहिल्या जातात. म्हणजे अडचण तीन ठिकाणी येऊ शकते. बोटात, मशीनमध्ये किंवा नेटवर्कमध्ये. पण बोलणी खातं ते आपलं बोट.

आता सांगा, कोणाची बोटं झिजतात? जी राबतात त्यांची. धुण्याचा सोडा, भांड्यांची पावडर, घासणी आणि राख. ऊस तोडून मोळ्या बांधणारी, कापूस वेचणारी, विडी वळणारी, चिंच फोडणारी, बांधकामावर सिमेंटची पाटी उचलणारी बाई. कोकणात काजू सोलणाऱ्या बायकांची बोटं तर टरफलाच्या चिकानं भाजून निघतात. वय वाढलं की कातडी कोरडी आणि पातळ होते. थंडीत भेगा पडतात. कर्करोगाच्या काही औषधांनीही ठसे पुसट होतात. नव्या मेंदीचाही मशीनला कधीकधी त्रास होतो. मशीनला मऊ आणि स्वच्छ बोट लागतं, आणि रेशनच्या रांगेत उभी असते ती राबणारी बाई. दोष कुणाचा, ते तुम्हीच ठरवा.

आता उपाय. साधे आधी, मोठे नंतर.

पहिली गोष्ट. ‘अंगठा’ म्हणतात म्हणून अंगठाच लागतो असं नाही. आधारमध्ये दहाही बोटांचे ठसे घेतलेले असतात, त्यातलं कोणतंही चालतं. कामाचा सगळा भार उजव्या हाताच्या अंगठ्यावर आणि त्याच्या शेजारच्या बोटावर पडतो. म्हणून डाव्या हाताची मधली बोटं, अनामिका, ही करून पाहा. एकदा कुठलं बोट जुळलं की ते लक्षात ठेवा आणि पुढच्या वेळी तेच आधी ठेवा.

दुसरी गोष्ट. जाण्याआधी हात साध्या पाण्यानं धुवा आणि कोरडे पुसा. बोट फार ओलं असेल तर चरांत पाणी भरतं, फार कोरडं असेल तर रेषा तुटक दिसतात. कोरडं वाटलं तर तळहातावर घासून किंचित ऊब आणा. तेल रात्री लावा. खोबरेल तेल रोज झोपताना चोळलं तर आठ-दहा दिवसांत कातडी मऊ होते. पण मशीनवर तेलकट बोट ठेवू नका. जमलं तर सकाळची भांडी-धुणी करायच्या आधी जा.

तिसरी गोष्ट. दुकानदाराला सांगा, “दादा, काच जरा पुसा.” आपल्या आधी पन्नास जणांची बोटं तिच्यावर टेकलेली असतात. मशीनवर थेट ऊन पडत असेल तर सावलीत घ्यायला सांगा. बोटाचं टोक टेकवू नका, पेराचा फुगीर भाग सपाट ठेवा. जोरात दाबू नका, दाबलं की रेषा एकमेकींत मिसळतात.

चौथी गोष्ट. मशीनवर काय लिहून आलं ते विचारा. आकडा ३०० आला तर ठसा जुळला नाही असा अर्थ. ३३० आला तर तुमच्या आधारचे ठसे कुलूपबंद आहेत. हे कुलूप आधारच्या संकेतस्थळावरून किंवा मोबाइल ॲपवरून लावता येतं. कधी घरातल्या एखाद्या पोरानं सुरक्षेसाठी लावलेलं असतं आणि सांगायचं विसरलेलं असतं. तेव्हा बोटं चोळून काही उपयोग नाही, कुलूप उघडावं लागतं. आणि नुसतंच चाक फिरत राहिलं तर ते नेटवर्क. त्यात तुमचा काही दोष नाही.

आता समजा, हे सगळं करूनही जुळलं नाही. रेशनकार्डावर ज्यांची नावं आहेत, त्यांच्यापैकी कोणीही ठसा देऊन घरचं धान्य घेऊ शकतं. म्हातारीनंच यायला हवं असं नाही. ज्या दुकानात डोळ्यांनी ओळख पटवायचं यंत्र आहे तिथं बुबुळावरून काम होतं, कारण आधारमध्ये दोन्ही बुबुळांची नोंद असते. मोबाइल आधारला जोडलेला असेल तर काही कामं ओटीपीवर होतात. पेन्शनच्या हयातीच्या दाखल्यासाठी तर २०२१ पासून मोबाइलवर चेहरा दाखवूनही काम होतं, अंगठ्याची गरजच नाही.

आणि जी एकटी आहे, घरात दुसरं कोणी नाही, तिनं काय करायचं? मैत्रिणींनो, हे नीट ऐका. केंद्र सरकारच्या अन्न खात्यानं ऑक्टोबर २०१७ मध्ये राज्यांना लेखी कळवलंय की नेटवर्क नाही किंवा ठसा नीट उमटत नाही म्हणून पात्र माणसाला धान्य नाकारायचं नाही. आधारकार्ड आणि रेशनकार्ड पाहून धान्य द्यायचं आणि त्याची वेगळ्या वहीत नोंद ठेवायची. सर्वोच्च न्यायालयानंही २६ सप्टेंबर २०१८ च्या आधारच्या निकालात, ठसा जुळला नाही म्हणून कोणी हक्कापासून वंचित राहू नये, ही काळजी घ्यायला सांगितलंय. प्राधान्य कुटुंबाला माणशी पाच किलो आणि अंत्योदय कुटुंबाला पस्तीस किलो धान्य हा २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानं दिलेला हक्क आहे. ती कोणाची मेहेरबानी नाही.

तेव्हा “उद्या या” म्हटलं की गपचूप परत फिरायचं नाही. शांतपणे विचारायचं, “दादा, अंगठा लागत नसेल तर वहीत नोंद करून धान्य द्यायचं असतं ना?” भांडायचं नाही, पण विचारायचं. बऱ्याच दुकानदारांनाही धास्ती असते की मशीनशिवाय दिलं तर हिशोब जुळणार नाही. तरीही अडलं तर तहसील कार्यालयाच्या पुरवठा शाखेत साध्या कागदावर अर्ज द्या. तारीख घाला, पोच घ्या. फोनवर तक्रार करायची तर रेशनसाठी १९६७ आणि आधारसाठी १९४७. दुसरा नंबर लक्षात ठेवायला सोपा, देश स्वतंत्र झाला ते साल. मराठीत बोललं तरी चालतं.

दर महिन्याला हाच त्रास होत असेल तर आधार केंद्रावर जाऊन ठसे नव्यानं द्या. याला ठरलेली फी आहे. पावतीवर छापलेली असते तेवढीच द्या. जायच्या आधी आठ-दहा दिवस हातांची काळजी घ्या, म्हणजे चांगला ठसा घेतला जाईल. नोंद बदलायला काही दिवस लागतात, तोवर पावती जपून ठेवा. मुलांचंही बघा. पाच वर्षांच्या आत काढलेल्या आधारमध्ये बोटांचे ठसे नसतातच. मूल पाच वर्षांचं झाल्यावर ते द्यावे लागतात, आणि पंधराव्या वर्षानंतर पुन्हा एकदा.

आणि केंद्रावर गेलाच आहात तर आधारला कुठला मोबाइल जोडलाय ते विचारून घ्या. पुष्कळ बायकांच्या आधारला नवऱ्याचा नाहीतर पुण्याला नोकरीला गेलेल्या मुलाचा नंबर असतो. ओटीपी तिकडं जातो आणि आपण इकडं फोनवर “आला का रे, आला का?” करत बसतो. नंबर आपला, आपल्या हातातला असावा.

एक सावधगिरीची गोष्टही सांगते. ठशावर बँकेतून पैसेही निघतात. म्हणून “मावशी, अजून एकदा लावा” असं कोणी म्हटलं की विचारा, कशासाठी? पैसे काढायला गेलात आणि ‘व्यवहार झाला नाही’ असं सांगितलं, तर पावती मागा आणि पासबुक भरून बघा. कधी पैसे खात्यातून वजा झालेले असतात आणि हातात आलेले नसतात. ओळखपाळख नसलेल्या माणसानं शिबिर म्हणून, सर्व्हे म्हणून दारात मशीन आणलं तर बोट ठेवू नका. फसवणूक झाली तर लगेच १९३० ला फोन करा आणि बँकेलाही कळवा. बँकेच्या शाखेत गेलात तर पैसे काढायची स्लिप आणि पासबुक ही जुनी वाटही आहेच.

आता आत्याचं काय झालं ते सांगते. दुसऱ्या दिवशी आम्ही पुन्हा गेलो. तिनं त्या दिवशी भांडी मला घासायला लावली. दुकानदाराला मी काच पुसायला सांगितली. उजवा अंगठा नाही, डावा अंगठा नाही, डावी अनामिका ठेवली आणि मशीननं पावती बाहेर टाकली. आत्या त्या बोटाकडं बघून म्हणाली, “या बोटाला कधी काही कामच दिलं नव्हतं, बरं झालं.” रांगेतल्या सगळ्या हसल्या. मग तिच्या मागं उभ्या असलेल्या दोघी-तिघींनी आपापली डावी अनामिका पुसून तयार ठेवली.

तुमच्या गल्लीत, वाडीत अशी एखादी आजी असेल, जी दोनदा परत फिरली की तिसऱ्यांदा जातच नाही. लाजेनं घरात सांगतही नाही. या महिन्यात तिच्याबरोबर रांगेत उभ्या राहा. आणि तिला एवढं नक्की सांगा की तिची बोटं खोटी नाहीत, ती आयुष्यभर कामाला आली आहेत.

पुढच्या भागात भेटू, असाच एक बारीक ताप घेऊन. तोवर रात्री झोपताना हातांना तेल लावायला विसरू नका. नमस्कार.