भिंगाखालचं डोकं : केसगळतीच्या तपासणीतल्या भन्नाट गोष्टी

हर्णे बंदरावर संध्याकाळचा लिलाव लागला की जाणती बाई सुरमईचा कल्ला उचलून आतली लाली बघते, मगच बोली लावते. केस गळायला लागले की मात्र आपण काहीच न बघता पैसे मोजतो. शेजारणीनं सांगितलं म्हणून माक्याचं तेल, जाहिरातीत दिसला म्हणून शाम्पू, कुणीतरी म्हणालं म्हणून कांद्याचा रस! खरं तर डोक्याची कातडीही नीट मोठी करून बघता येते. सुई नाही, टाका नाही, दुखणं तर अजिबात नाही. या तपासणीतल्या काही गमतीच्या आणि उपयोगाच्या गोष्टी.

नाव २००६ सालचं
त्वचारोगतज्ज्ञ हातात मावणारं दिव्याचं भिंग वापरतात, त्याला डर्मोस्कोप म्हणतात. त्यातून साधारण दहापट मोठं दिसतं. कॅमेरा जोडलेल्या यंत्रांतून त्याहून कितीतरी मोठं. याच भिंगानं केस आणि डोक्याची कातडी तपासण्याला २००६ मध्ये पोलंडच्या लिडिया रुडनित्स्का आणि माउगोझाता ओल्शेव्स्का या डॉक्टरांनी ‘ट्रायकोस्कोपी’ हे नाव दिलं.

चाईच्या कडेला उद्गारचिन्हं
डोक्यावर रुपयाएवढा गुळगुळीत चट्टा पडला की आपण ‘चाई पडली’ म्हणतो. भिंगातून चट्ट्याच्या कडेला तुटके, आखूड केस दिसतात. वर जाड आणि मुळाशी बारीक, हुबेहूब उद्गारचिन्ह! सोबत काळे-पिवळे ठिपकेही असतात. उद्गारचिन्हं आणि काळे ठिपके दिसले की रोग अजून चालू आहे, असं डॉक्टर ओळखतात. चाई कुठल्याही किड्यानं पडत नाही. शरीराची संरक्षणव्यवस्थाच केसांच्या मुळांवर उलटलेली असते.

नायट्यात स्वल्पविराम
शाळकरी मुलाच्या डोक्यावर खपल्यांचा चट्टा आहे आणि तिथले केस तुटलेत. ही चाई की नायटा? नायट्यात भिंगाखाली स्वल्पविरामासारखे वाकलेले किंवा स्प्रिंगसारखे पिळलेले केस दिसतात. फरक महत्त्वाचा आहे, कारण डोक्यावरचा नायटा नुसत्या मलमानं जात नाही, पोटातून औषध घ्यावं लागतं. शिवाय तो घरातल्या दुसऱ्या मुलांनाही लागतो.

टक्कल दिसण्याआधीच कळतं
आनुवंशिक टकलात केस एकदम जात नाहीत, आधी बारीक होतात. निरोगी डोक्यावर एका छिद्रातून बहुतेक दोन-तीन केस निघतात, इथे एकेकटा केस उरतो. भिंगाखाली जाड आणि बारीक केसांची सरमिसळ दिसते. जाडीतला असा फरक २० टक्क्यांहून जास्त केसांत असला की निदान पक्कं होत जातं. बायकांमध्ये नुसता भांग रुंद होत असतो, तेव्हाच हे पकडता येतं.

कोंडा की सोरायसिस?
वरून दोन्हींत पांढऱ्या खपल्याच. भिंगाखाली मात्र रक्तवाहिन्या वेगळ्या दिसतात. जुनाट कोंड्यात फांद्या फुटल्यासारख्या बारीक रेषा, सोरायसिसमध्ये लाल ठिपके आणि पिळलेले वेटोळे.

लीख की खपली?
लीख केसाला पक्की चिकटलेली असते. भरलेली असेल तर तपकिरी दिसते, रिकामी असेल तर फिकट. केसाभोवतीची खपलीची नळी मात्र बोटानं सरकते. अशा नळ्या घट्ट अंबाडा बांधणाऱ्या बायकांच्या केसांवरही सापडतात. रोजचा ताणलेला अंबाडा, त्यावर जड गजरा, आणि कपाळाच्या कडेचे केस विरळ होत जातात. वेळीच सैल बांधले तर ते परत येतात.

आपली कातडी, आपली नक्षी
सावळ्या डोक्यावर भिंगातून मधाच्या पोळ्यासारखी तपकिरी जाळी आणि बारीक पांढरे ठिपके दिसतात. हा रोग नाही. ठिपके म्हणजे घामाची आणि केसांची छिद्रं. गोऱ्या कातडीची चित्रं बघून शिकलेल्या डोळ्याला हे वेगळं शिकावं लागतं.

टोपी आणि खारं पाणी निर्दोष
समुद्रावर जाणाऱ्यांना वाटतं, टोपीनं आणि खाऱ्या पाण्यानं टक्कल पडतं. मीठ आणि ऊन केसाचा बाहेरचा भाग कोरडा करतात, तो तुटतो. मूळ कातडीच्या आत असतं, तिथवर ते पोहोचत नाहीत. गोटा केल्यानं केस दाट येतात, हेही खरं नाही. कापलेलं टोक बोथट असतं, म्हणून नुसतं जाड भासतं.

बुलढाण्यानं शिकवलेला धडा
जानेवारी २०२५ मध्ये शेगाव तालुक्यातल्या गावांत लोकांना काही दिवसांत टक्कल पडू लागलं. आधी पाण्यावर आणि बुरशीवर संशय गेला. पुढे रुग्णांच्या शरीरात सेलेनियम जास्त आढळलं. विंचूदंशावरच्या कामासाठी कोकणात घरोघरी माहीत असलेले महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रेशनच्या गव्हाकडे बोट दाखवलं. केसाला काय झालंय ते भिंग दाखवतं, पण का झालं हे शोधायला रक्त, पाणी आणि धान्यही तपासावं लागतं.

घाई कधी करायची?
रोज ५० ते १०० केस गळणं नेहमीचंच. मोठा ताप किंवा बाळंतपण झाल्यावर दोन-तीन महिन्यांनी केस भरभर गळतात आणि बहुतेकदा आपोआप सावरतात. पण काही रोगांत केसांची छिद्रंच बुजतात आणि कातडी गुळगुळीत होते. बुजलेल्या छिद्रातून केस पुन्हा उगवत नाही. तिथे तेल लावण्यात गेलेला प्रत्येक महिना वाया जातो.

म्हणून चट्टा पडला, खाज-आग सुरू झाली किंवा गळती तीन महिन्यांत थांबली नाही, तर दापोली, रत्नागिरी, मुंबई, जिथे जमेल तिथे त्वचारोगतज्ज्ञाकडे जा. जाताना डोकं धुऊन जा, त्या दिवशी तेल आणि कलप लावू नका, आणि ‘भिंगानं बघता का?’ असं बिनधास्त विचारा. आधी निदान, मग औषध.