दाढेतले सिमेंट

नरकचतुर्दशीच्या पहाटे फराळाच्या पहिल्याच कडबोळ्याने माझ्या दाढेतले सिमेंट उखडले. दातांचे डॉक्टर भाऊबीजेनंतर भेटणार! चिरंजीव चपला चिकटवायची ट्यूब घेऊन धावले. सौ.ने ती हिसकावली, म्हणून बचावलो; असल्या डिंकाने हिरडी भाजते, दातालाही इजा होते.

औषधवाल्याकडे तात्पुरत्या भरणाची पुडी मिळाली. तीत झिंक ऑक्साइड होते. लवंगेच्या तेलातले युजेनॉल त्यात कालवले की ते घट्ट होते. ठणकाही जरा शमतो. कोमट मिठाच्या पाण्याने चूळ भरली, कापसाने खड्डा टिपला, गोळी दाबून बसवली आणि दात अलगद मिटून पाहिले. वर आलेले तेवढे पुसून टाकले. मग चिवडा दुसऱ्या बाजूने! (सूज वा ताप असता, तर मात्र भाऊबीजेचीही वाट पाहायची नव्हती.)

काम इतके झकास झाले की डॉक्टरांची गरजच काय, असे वाटू लागले. गेल्या वर्षी याच मोहात दोन महिने काढले होते. गोळीखाली कीड पोखरतच राहिली आणि शेजारची दाढ गेली.

"भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी नऊ वाजता," सौ. म्हणाली. तिने वेळ ठरवूनही टाकली होती.