लहान घरासाठीं हीट पंप

आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या घरचें एखादें तरी माणूस हल्लीं अमेरिकेंत स्थायिक झालेलें असतें आणि तेथील हिंवाळा पाहण्याचा योग घरांतील वडीलधाऱ्या मंडळींनाही येतो. बॉस्टनसारख्या थंड भागांत लहानसें जुनें घर घेतलें, कीं पहिला प्रश्न उभा राहतो तो ऊब आणण्याचा. अशा कित्येक घरांतून तेलाच्या भट्टीवर तापविलेलें पाणी किंवा वाफ खोल्यांतून फिरते. हवा वाहून नेणारे पत्र्याचे नळ तेथें नसतातच. म्हणून भिंतीवर टांगावयाचा, नळांवांचून चालणारा हीट पंप तिकडे पुष्कळ लोक बसवूं लागले आहेत. तो घेतांना जे प्रश्न विचारावयास हवेत ते बहुधा विचारले जात नाहींत आणि हजारों डॉलर खर्चूनही घरांतील वृद्ध माणसें कुडकुडत बसतात. म्हणून हा लेखनप्रपंच.

यंत्र तसें ओळखीचेंच आहे. पुण्यामुंबईचा स्प्लिट एसी तोच. प्रवाह उलटविणारी एक झडप तेवढी अधिक. उन्हाळ्यांत घरांतील उष्णता बाहेर टाकावयाची, हिंवाळ्यांत बाहेरची आंत आणावयाची. बाहेर बर्फ पडलें असतां तेथें उष्णता कोठली, असें कोणी विचारील. परंतु शून्याखालच्या हवेंतही उष्णता असतेच. यंत्रांतील द्रव्य त्या हवेहून थंड केलें, कीं ती त्यांत शिरते. पुढें लॉर्ड केल्व्हिन म्हणून प्रसिद्धीस आलेले विल्यम टॉम्सन यांनीं ही कल्पना १८५२ सालींच मांडली होती आणि झुरिकच्या नगरभवनांत १९३८ सालीं नदीच्या पाण्यांतून उष्णता घेणारा पंप बसलाही. विजेच्या साध्या शेगडींत एक युनिट खर्चावें तर एकाच युनिटाची उष्णता मिळते. येथें सौम्य थंडींत तिप्पट किंवा अधिक आणि कडाक्याच्या थंडींत दुपटीच्या आसपास मिळते.

मुख्य मुद्दा आकाराचा. पाहुणे येणार म्हणून दोन मुठी तांदूळ अधिक वैरण्याची आपली रीत येथें उपयोगी नाहीं. विक्रेताही मोठेंच यंत्र सुचवितो, कारण घर थंड राहिल्याची तक्रार त्याला नको असते. परंतु मोठें यंत्र सौम्य दिवसांत खोली झटकन् तापवून बंद पडतें, पुन्हां सुरू होतें. इनव्हर्टरची सारी खुबी मंद गतीनें अखंड चालण्यांत आहे. ती नाहींशी झाली म्हणजे वीज अधिक लागते आणि उन्हाळ्यांत हवेंतील दमटपणाही नीट निघत नाहीं. म्हणून यंत्र कमींत कमी किती उष्णता देऊन चालूं शकतें, हा आंकडा आधीं विचारावा.

दुसरी मेख पाटीवरील आंकड्यांत आहे. १२,००० बीटीयू म्हणजे एक टन खरा. पण तो आंकडा थंड करण्याच्या शक्तीचा. उष्णतेचा नेहमींचा आंकडा ४७ अंश फॅरनहाइटला मोजलेला असतो आणि बॉस्टनला कडक रात्रीं पारा १० अंशांच्या घरांत उतरतो ! त्या वेळीं यंत्र काय देईल, हें १७ व ५ अंशांच्या आंकड्यांवरून कळतें. अमेरिकेच्या ईशान्य भागांतील ‘नीप’ ही संस्था थंड प्रदेशांतील हीट पंपांची यादी ठेवते. तींत हे किमान व कमाल आंकडे सांपडतात. घराची गरज मात्र भिंती, खिडक्या, फटी पाहून ‘मॅन्युअल जे’ पद्धतीनें काढावी लागते. चौरस फुटांना एका आंकड्यानें गुणून नव्हे. हें गणित करण्यास जो कंत्राटदार कांकूं करील त्याला काम देऊं नये, असें आमचें स्पष्ट मत आहे. माळ्यावर उष्णतारोधक थर घालावयाचा असेल तर तोही आधीं घालावा, म्हणजे यंत्रच लहान लागतें.

बाहेर एक यंत्र आणि खोलीगणिक एक तोंड, ही योजना दिसावयास नीटस. पण लहान घरीं ती बहुधा गैरसोयीची ठरते. एकट्या निजावयाच्या खोलीला लागते त्याहून बाहेरच्या मोठ्या यंत्राची किमान शक्तीच जास्त असते. दोन लहान स्वतंत्र यंत्रें बरीं. एकच घेतलें तर बंद दारापलीकडे ऊब पोंचत नाहीं, हें सासूबाईंची खोली ठरवितांना लक्षांत ठेवावें; तेथें एखादी छोटी विजेची शेगडी स्वस्त पडते.

केंद्र सरकारची करसवलत ३१ डिसेंबर २०२५ रोजीं संपली असल्यानें ती हिशेबांत धरूं नये. राज्याची वा वीजकंपनीची सवलत असल्यास चौकशी करावी.

बाहेरचें यंत्र बर्फाच्या थराहून उंच चौथऱ्यावर बसवावें. त्यावर जमलेलें हिम वितळून जें पाणी गळतें तें गोठून निसरडें होतें. म्हणून पायरीजवळची जागा टाळावी. आणि हें यंत्र बाहेरची ताजी हवा आंत आणीत नाहीं. आपल्या फोडणीचा तेलकट धूर त्याच्या जाळींत बसतो. तेव्हां चुलीवर बाहेर हवा टाकणारा पंखा हवा आणि जाळी महिन्याकाठीं कोमट पाण्यानें धुवून, पुरती वाळवून मगच परत बसवावी.