घरीच सिद्ध झालेला ग्रंथ

लंडनमध्ये मोज्यांचे दुकान चालवणाऱ्या जेम्स ब्लेक यांचे पुत्र विल्यम (१७५७–१८२७) पित्याच्या गादीवर न बसता ताम्रपत्रे कोरण्याची कला शिकले. इतरांच्या ग्रंथांसाठी चित्रे कोरून त्यांचा चरितार्थ चाले. स्वतःच्या कविता व चित्रे मात्र त्यांनी स्वतःच प्रकाशित केली.

तांब्याच्या पत्र्यावर आम्लरोधक द्रवाने ते उलटी अक्षरे व चित्रे रेखाटीत. आम्ल मोकळा भाग झिजवी आणि रेखाटन उठून राही. घरच्या छापयंत्रावर पाने निघत; मग ती जलरंगांनी हाताने रंगवली जात. १७८९ साली ‘साँग्ज ऑफ इनोसन्स’ हा संग्रह असाच सिद्ध झाला.

या कार्यात पत्नी कॅथरीन यांचा वाटा मोठा होता. १७८२ मध्ये विवाहाच्या नोंदवहीत त्यांनी सहीऐवजी फुली केली होती. पुढे पतीकडून त्या लेखन-वाचन, छपाई आणि रंगकाम शिकल्या.

१७९३ च्या जाहीर पत्रकात ब्लेक यांनी आपला व्यवहार स्पष्ट केला: आगाऊ वर्गणी नको, ग्रंथ तयार करू आणि वाजवी किमतीस विकू. या संग्रहाची किंमत त्यांनी पाच शिलिंग ठेवली. ग्राहक थोडेच मिळाले, ओढाताण सुटली नाही. परंतु ताम्रपत्रे जवळ असल्याने पुढे अनेक वर्षे त्यांना नव्या प्रती काढता आल्या.

पतीच्या निधनानंतर कॅथरीन यांनी १८३१ मध्ये स्वतःच्या अखेरीपर्यंत ही विक्री सांभाळली. दुकान सोडून गेलेल्या पुत्राच्या घरी सचोटीची पेढी अशी टिकून राहिली.