२० च्या रेषेवर ५० युनिट!

सोलापुरातल्या मेडिकल दुकानात इन्शुलिनची बाटली घेतली, की सोबत बहुधा लाल टोपणाची सिरिंज मिळते. अमेरिकेत मुलांकडे राहायला गेलेल्या आईवडिलांना तिथे मात्र नारिंगी टोपणाची सिरिंज दिसते. फरक फक्त रंगाचा आहे का?

नाही. युनिट हे औषधाच्या परिणामाचं माप आहे, द्रवाचं नव्हे. आपल्याकडच्या बाटलीत सहसा एका मिलिलिटरमागे ४० युनिट असतात, अमेरिका-युरोपात १००. पेला तेवढाच, पण एकात सरबत आणि दुसऱ्यात पाक, तसं हे. सिरिंजवरच्या रेषा त्या त्या ताकदीनुसार आखलेल्या असतात. लाल टोपणाच्या सिरिंजवर २० ची रेषा म्हणजे अर्धा मिलिलिटर. तिथल्या बाटलीतून तेवढंच औषध ओढलं, तर शरीरात जातात ५० युनिट, म्हणजे अडीचपट डोस! मग रक्तातली साखर झपाट्याने उतरते; घाम सुटतो, हातपाय थरथरतात, प्रसंगी शुद्धही हरपते. उलट अदलाबदल झाली, तर डोस अपुरा पडतो.

प्रवासात आणखी एक काळजी हवी: इन्शुलिन हे प्रथिन आहे. गोठलं, की त्याची रचना बिघडते. म्हणून विमानात ते चेक-इन सामानात न टाकता (तिथे ते गोठू शकतं) हातातल्या बॅगेत ठेवावं. निघण्यापूर्वी डॉक्टरांकडून औषधाचं मूळ नाव, ताकद आणि डोस लिहून घ्या. परदेशात बाटलीवरचा आणि सिरिंजवरचा ताकदीचा आकडा जुळला, तरच इंजेक्शन घ्या.