स्वभावाला औषध कशाला?

‘स्वभावाला औषध नाही’ असे आपल्याकडे म्हणतात. खरे तर हे बोलणे रागीट, हट्टी किंवा चिक्कू माणसाला शोभावे. पण घरोघरी ते ऐकावे लागते अबोल माणसाला. चारचौघांत न रमणाऱ्यासाठी आपल्या भाषेत शब्द तरी किती आहेत पाहा. घुमा, एकलकोंडा, माणूसघाणा, मुखदुर्बळ! यातला एकही कौतुकाचा नाही. भरपूर बोलणारा मात्र ‘मनमोकळा’ ठरतो. अतीच झाले तर फार फार तर ‘बडबड्या’. मी स्वतः अबोलांच्या पंगतीतली. म्हणून आज त्यांची बाजू मांडावीशी वाटते.

कीर्तनकार ‘अंतर्मुख व्हा’ असे सांगतात, तेव्हा तो सद्गुण असतो. मानसशास्त्रात या शब्दाचा अर्थ थोडा निराळा आहे. स्वित्झर्लंडचे मानसशास्त्रज्ञ कार्ल युंग यांनी १९२१ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात माणसांच्या स्वभावाचे अंतर्मुख आणि बहिर्मुख असे दोन कल मांडले. एकाचे लक्ष आतल्या विचारांकडे ओढ घेते, दुसऱ्याचे बाहेरच्या माणसांकडे आणि घडामोडींकडे. पुढे १९६७ मध्ये हान्स आयसेंक यांनी याचा संबंध मेंदूशी जोडला. अंतर्मुख माणसाचा मेंदू मुळातच अधिक जागा असतो, त्यामुळे गलबला, गर्दी, गप्पा यांचा भार त्याला लवकर होतो, असे त्यांचे म्हणणे. त्यानंतरच्या संशोधनाने हे चित्र अधिक गुंतागुंतीचे केले असले, तरी मूळ मुद्दा स्वयंपाकघरातल्या अनुभवाने समजतो. एकच ठेचा एकाला मिळमिळीत लागतो आणि दुसऱ्याच्या डोळ्यांत पाणी आणतो. दोष ठेच्याचा नाही आणि जिभेचाही नाही.

मात्र प्रत्येक गप्प माणूस अंतर्मुख असतो असे नव्हे. लाजाळू माणसाला बोलायचे असते, पण लोक काय म्हणतील याची भीती वाटते. अंतर्मुखाला भीती नसते. त्याला थोडक्यात समाधान असते. आपल्या सीमाभागात तर गप्प बसण्याचे आणखी एक कारण आहे. घरी मराठी, गल्लीत कानडी आणि शाळेत इंग्रजी, अशा तीन भाषांत वावरणारे मूल वर्गात मुके वाटते, कारण योग्य शब्द सापडेपर्यंत दुसऱ्याने उत्तर देऊन टाकलेले असते. त्या मुलाला स्वभावाचे लेबल लावण्याआधी त्याच्या भाषेत बोलून पाहावे. आणि आतापर्यंत हसतेखेळते असलेले माणूस एकाएकी अबोल झाले, जेवणझोप बिघडली, आवडत्या गोष्टी नकोशा झाल्या, तर तो स्वभाव समजू नये. तिथे वेळ न घालवता डॉक्टरांकडे जावे. औषध लागते ते आजाराला.

मी एका पतसंस्थेच्या हिशेब विभागात पंचवीस वर्षे नोकरी केली. माझ्या वार्षिक शेऱ्यात बहुतेक वर्षी एकच वाक्य असे: ‘काम चोख, पण कोणात मिसळत नाहीत.’ वाईट वाटायचे. आठ तास आकडे तपासले की मी ताजी राहत असे, आणि तासाभराच्या बैठकीनंतर डोके गच्च होई. मग मी स्वतःपुरत्या काही सोयी केल्या. कार्यालय उघडण्याआधी अर्धा तास पोहोचायचे आणि अवघड ताळमेळ त्या शांततेत उरकायचा. बैठकीचे विषय आदल्या दिवशी मागून घ्यायचे आणि आपले दोन मुद्दे कागदावर लिहून न्यायचे. दुपारचा डबा आठवड्यातून तीन दिवस सगळ्यांबरोबर, दोन दिवस एकटीने. ठेवींच्या व्याजाच्या तरतुदीतला एक मोठा फरक मला सापडला, तो असाच सकाळच्या अर्ध्या तासात.

लिहून नेण्याची ही पद्धत काही माझी एकटीची नव्हे. अमेरिकेच्या येल विद्यापीठात १९५८ साली झालेल्या एका प्रयोगात चौघांनी एकत्र बसून सुचवलेल्या कल्पना आणि चौघांनी वेगवेगळे बसून सुचवलेल्या कल्पना मोजल्या गेल्या. वेगवेगळ्या बसलेल्यांच्या कल्पना जास्त भरल्या. आधी एकट्याने विचार आणि मग एकत्र चर्चा, ही घडी कोणत्याही संस्थेला बसवता येईल.

‘पण साहेब व्हायला बोलका माणूसच हवा’ असा एक समज आहे. अॅडम ग्रँट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये अमेरिकेतल्या पिझ्झाच्या दुकानांचा अभ्यास प्रसिद्ध केला. हाताखालची माणसे आपणहून पुढाकार घेणारी नसतील तिथे बोलक्या प्रमुखाचे दुकान अधिक नफ्यात होते. पण माणसे स्वतः काही सुचवणारी, करू पाहणारी असतील, तिथे हा फायदा उलटला आणि शांत प्रमुखाची दुकाने सरस ठरली. कारण उघड आहे. शांत माणूस ऐकून घेतो.

तरीही निवडीच्या वेळी घोडे अडते. माझी एक भाची इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षात असताना दोनदा गटचर्चेत बाद झाली. मार्क उत्तम, विषय पाठ. पण दहा जण एकदम बोलू लागले की हिचा सूर लागत नसे. तिसऱ्या वेळी ‘मी बसतच नाही’ म्हणून तिने दार लावून घेतले. तिच्या आईने तिला भाषणकलेच्या वर्गाला घालायचे ठरवले. मी म्हटले, वर्गाला जाऊ दे, पण तिला दुसरीच कोणीतरी करायला जाऊ नका. आम्ही दोघींनी मिळून एवढेच ठरवले की पहिल्या दोन मिनिटांत एक वाक्य बोलायचे आणि शेवटी सगळ्यांच्या मुद्द्यांचा सारांश सांगायचा, कारण तो तिच्याइतका नीट कोणीच ऐकलेला नसतो. त्या कंपनीने तिला घेतले नाही. पण ती बोलली. चार महिन्यांनी, एकेकट्याची मुलाखत घेणाऱ्या दुसऱ्या कंपनीत तिचे काम झाले. आज ती सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधते. हे काम धांदरट माणसाचे नव्हे.

घरात तर हा प्रश्न अधिक नाजूक होतो. नवी सून गप्प असली की ‘शिष्ट आहे’ असा शिक्का बसतो. गणपतीत घर पाहुण्यांनी भरले की तिचा जीव दडपतो आणि ते कोणाला सांगताही येत नाही. जुन्या बायकांना यावर उपाय ठाऊक होता. लग्नघरात कोठीची किल्ली त्या नेमकी अबोल जावेकडे देत. माणसांतच राहायचे, पण पंगतीच्या गलक्यापासून एक दार अलीकडे. नारळ खवणे, दुर्वा निवडणे, वाळत घातलेले कपडे गच्चीवरून आणणे, अशा कामांत दहा मिनिटांची विश्रांती आपसूक मिळते. मात्र अबोल माणसानेही एक पथ्य पाळावे. नुसते उठून जाऊ नये. ‘डोके जड झाले आहे, जरा वर बसून येते’ एवढे सांगावे. न सांगितलेल्या गप्पपणाचा अर्थ समोरचा आपल्या मनाप्रमाणे लावतो, आणि तो बहुधा वाईटच असतो.

आपल्या भागातले मोठे उदाहरण म्हणजे कथाकार जी. ए. कुलकर्णी. १९२३ साली जन्मलेल्या जी.एं.चे शिक्षण बेळगावात झाले आणि पुढे धारवाडच्या महाविद्यालयात त्यांनी अनेक वर्षे इंग्रजी शिकवले. सभा-समारंभांपासून ते कटाक्षाने लांब राहिले. म्हणून ते माणसांना पारखे होते का? त्यांच्या पत्रांचे खंडच्या खंड प्रसिद्ध आहेत; पहिला खंड सुनीताबाई देशपांडे यांना लिहिलेल्या पत्रांचा आहे. व्यासपीठावर न रमणारा माणूस पत्रात किती भरभरून बोलतो, हे त्यांतून कळते. प्रत्येकाचे बोलण्याचे दार वेगळे असते, इतकेच.

तेव्हा पालकांना एक विनंती. पाहुणे आले की मुलाला ‘बोल ना, जीभ गिळलीस का?’ म्हणून सगळ्यांदेखत टोचू नका. त्याला पाणी घेऊन येऊ द्या, नमस्कार करू द्या, कोपऱ्यात बसून ऐकू द्या. पाहुणे गेल्यावर रात्री अंथरूण घालताना तेच मूल तुम्हाला विचारील, ‘ते काका सारखे गुडघा का चोळत होते?’ बाकी कोणाचेच तिकडे लक्ष गेलेले नसेल.